अब्रू, पत आणि ‘रेप्युटेशन’

इंग्रजींतील ‘रेप्युटेशन’ ह्या शब्दास मराठींत प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न केला असतां हल्लींचा सुशिक्षित मनुष्य क्षणाचाही विलंब न लावतां ‘प्रतिष्ठा’ असें उत्तर देईल. वर्तमानपत्रांनीं हें उत्तर पक्कें करून टाकिलें आहे. निवडणूक आली कीं कोणा पुढाऱ्याची प्रतिष्ठा पणास लागते. क्रिकेटचा सामना हरला कीं देशाची प्रतिष्ठा धुळीस मिळते. पेढी बुडाली कीं संचालकांच्या प्रतिष्ठेस धक्का बसतो. आणि मुलीनें आपल्या मनाप्रमाणें विवाह केला कीं घराण्याची प्रतिष्ठा जाते. ह्या चारी ठिकाणीं गेलेली वस्तु एकच आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं, व आमच्या आजोबांच्या पिढीसही तें वाटलें नसतें. त्यांच्या तोंडीं पहिल्या ठिकाणीं ‘इभ्रत’ आली असती, दुसऱ्या ठिकाणीं ‘नांव’, तिसऱ्या ठिकाणीं ‘पत’ आणि चौथ्या ठिकाणीं ‘अब्रू’. (चौथ्या ठिकाणीं मुळांत कांहीं जातें हेंच आम्हांस कबूल नाहीं; परंतु त्याविषयीं पुढें.) चार शब्दांच्या जागीं एक बसविल्यानें भाषा सुटसुटीत झाली असें कोणी म्हणेल. चार खातीं एकांत मिसळल्यानें दुकानदाराची वही जितकी सुटसुटीत होते तितकीच ती झाली आहे, असें आमचें म्हणणें आहे.

वहीचा दृष्टान्त आम्हीं उगाच घेतलेला नाहीं. ‘रेप्युटेशन’ हा शब्दच मुळीं वहीखात्यांतला आहे. लॅटिन भाषेंतील ‘पुतारे’ ह्या धातूचा मूळ अर्थ छाटणें, साफ करणें असा. द्राक्षाच्या वेलीची छाटणी करणें ह्या अर्थीं तो त्या देशच्या शेतकऱ्यांत रूढ होता. पुढें हिशेब साफ करणें, मोजणें, आणि शेवटीं समजणें किंवा मानणें, अशी त्याची अर्थपरंपरा वाढली. शस्त्रवैद्य हातपाय छाटतो त्यास ‘ॲम्प्युटेशन’ म्हणतात आणि गणित करणारें यंत्र ‘कॉम्प्युटर’ म्हणवितें, तीं दोन्ही नांवें ह्याच कुळांतलीं. ‘रे’ म्हणजे पुन्हां. तेव्हां रेप्युटेशन म्हणजे फिरून केलेला हिशेब, पुन्हां एकदां मांडून पाहिलेली शिल्लक. ह्या व्युत्पत्तींत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हिशेब करणारा नेहमीं दुसरा असतो. ज्याचें रेप्युटेशन, त्याच्या हातीं ना लेखणी ना वही.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकांत दारूच्या झिंगेंत मारामारी करून हुद्दा गमावलेला कॅशिओ आपल्या गेलेल्या रेप्युटेशनसाठीं आक्रोश करतो, तेव्हां इयागो ही वस्तु अगदीं पोकळ आहे असें त्यास समजावितो. आणि पुढच्याच अंकांत ऑथेल्लोजवळ मात्र चांगल्या नांवासारखें मोलाचें दुसरें कांहींच नाहीं अशी बतावणी करतो. हें नाटक महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं मराठींत आणलें व देवलांनीं ‘झुंझारराव’ ह्या रूपानें १८९० सालीं रंगभूमीसाठीं सजविलें. ज्याला म्हणून हा प्रसंग मराठींत उतरवावयाचा आहे त्यास पहिल्याच वाक्याशीं थांबावें लागतें. कॅशिओचें गेलें तें काय? अब्रू म्हणावी, तर शिपाईगड्याची अब्रू एका रात्रीच्या धिंगाण्यानें सहसा जात नाहीं. पत म्हणावी, तर तो कोणापाशीं उसनें मागत नाहीं. धन्याच्या मनांत त्याचें जें वजन होतें तें गेलें. मराठीस येथें ‘वजन’ हा शब्द सुचतो आणि तो बरोबर बसतो. कोशांत पाहून भाषान्तर करणारा येथें ‘प्रतिष्ठा’ लिहून मोकळा होईल, व वाचणाऱ्यास कॅशिओ हा एखाद्या सभेचा अध्यक्ष असावा असें वाटेल.

आपले शब्द कोणत्या क्रियापदांशीं संसार करतात तें पाहिलें असतां त्यांचे स्वभाव चटकन् कळतात. पत वाढते, घटते, बसते. बाजारांत पत असते किंवा नसते. ती थोडीबहुत असूं शकते. अब्रूचें तसें नाहीं. अब्रू राखतात, झांकतात, घेतात. तिचें खोबरें करतात, तिचे धिंडवडे काढतात. परंतु कोणी अब्रू कमावली असें आम्हीं ऐकलेलें नाहीं. ती मुळांत प्रत्येकाजवळ असलेली धरून चालतात व ती जाते तेव्हां पुरती जाते. फारशी भाषेंत ‘आब’ म्हणजे पाणी किंवा तेज, आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. मोत्याचें पाणी जातें तसें चेहऱ्याचें पाणी जाणें हा त्यांतला भाव. लौकिक मात्र मिळवावा लागतो व तो लोकांनींच द्यावयाचा असतो. शब्दांतच लोक बसलेले आहेत. वाईट लौकिकासाठीं मराठीनें ‘दुर्लौकिक’ असा निराळा शब्द केला, पण वाईट अब्रू असा प्रयोग कधीं झाला नाहीं. इंग्रजी शब्द ह्या बाबतींत विलक्षण तटस्थ आहे. एखाद्यास रेप्युटेशन आहे एवढेंच इंग्रजींत भुंवया उंचावून म्हटलें तर त्याचा अर्थ त्याच्यापासून सावध असा होतो.

‘इभ्रत’ ह्या शब्दाची कथा तर मोठी मौजेची आहे. अरबीमध्यें ह्या शब्दाचा अर्थ धडा, इशारा, दुसऱ्यास वचक बसावा असें उदाहरण. तोच शब्द फारशीच्या वाटेनें मराठींत आला आणि त्याचा अर्थ मान, दबदबा असा झाला. वचक बसविणाऱ्याचाच मान होतो हा अनुभव आपल्या पूर्वजांना दरबारी कारभारांत आला असावा असें आम्हांस वाटतें. इंग्रजांच्या ‘प्रेस्टिज’ शब्दाचें मूळही असेंच उघडें करण्याजोगें नाहीं: लॅटिनमध्यें तो गारुड्याच्या हातचलाखीचा, नजरबंदीचा वाचक होता. आणि ‘प्रतिष्ठा’? प्रति आणि स्था. घट्ट उभें राहणें, उभें करणें. देवाच्या मूर्तीची प्रतिष्ठा करतात ती दुसरा करतो, एकदां करतो, व तिच्यांत हिशेबाचा अंश कांहीं नसतो. रेप्युटेशन म्हणजे दुसऱ्यानें वारंवार तपासलेला आंकडा. प्रतिष्ठा म्हणजे एकदां बसविलेलें आसन. दोहोंत इतकें अंतर असतां एकास दुसऱ्याचा प्रतिशब्द ठरविण्यांत आला, ह्यास भाषाशुद्धीच्या चळवळीनें उत्पन्न केलेला फारशी शब्दांविषयींचा संकोच कांहीं अंशीं कारण आहे. अब्रू, इभ्रत, इज्जत हे परके म्हणून ओसरीवर बसविले गेले आणि प्रतिष्ठा संस्कृत म्हणून माजघरांत आली. त्या चळवळीनें मराठीस कित्येक चांगले शब्द दिले हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तीनशें वर्षें घरांत वावरलेल्या शब्दास पाहुणा म्हणणें हें कृतघ्नपणाचें आहे.

कायद्यानें मात्र हा संकोच केला नाहीं. मेकॉलेच्या मसुद्यावरून तयार झालेल्या १८६० च्या दंडसंहितेंत ४९९ व्या कलमानें दुसऱ्याच्या रेप्युटेशनास हानि पोहोंचविणें हा गुन्हा ठरविला, आणि आमच्या लोकांनीं त्यास लागलेंच ‘अब्रुनुकसानी’ असें नांव दिलें. त्या कलमाखालील चौथें स्पष्टीकरण वाचण्यासारखें आहे. रेप्युटेशनास हानि झाली असें केव्हां म्हणावें? तर इतरांच्या दृष्टीनें त्या मनुष्याचें शील किंवा बुद्धि हीन ठरली असतां. त्याच्या जातीच्या किंवा धंद्याच्या संबंधांत त्यास कमीपणा आला असतां. त्याचें ‘क्रेडिट’ घटलें असतां. अथवा त्याचें शरीर किळसवाण्या स्थितींत आहे असा समज पसरला असतां. म्हणजे ज्या एका शब्दावर सारें कलम उभारलें त्याचे तुकडे करून दाखविण्याची पाळी इंग्रज कायदेपंडितावरच आली, आणि ते तुकडे बहुतेक आपल्या शब्दांच्या शिवेवरूनच पडले: शील, जात, धंदा, पत. भारतीय न्याय संहितेंत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, हें कलम ३५६ वें झालें आहे. आंकडा बदलला तरी अडचण तीच आहे. टिळक व आगरकर हे १८८२ सालीं कोल्हापूरचे कारभारी बर्वे ह्यांच्या अब्रुनुकसानीबद्दल डोंगरीच्या तुरुंगांत गेले, तेथें एकशें एक दिवस राहिले, व बाहेर आले ते पूर्वीपेक्षां मोठा लौकिक घेऊन आले. दुसऱ्याची अब्रू घेतल्याची शिक्षा भोगून स्वतःचा लौकिक वाढतो, हें वाक्य मराठींत सरळ लिहितां येतें. दोन्ही ठिकाणीं ‘प्रतिष्ठा’ घालून तें लिहून पहावें; कोडें होऊन बसेल.

आतां हा सारा शब्दच्छल आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांस आम्ही पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत नेतों. शिरूर म्हणजे लोकांच्या तोंडचें घोडनदी. ह्या तालुक्यांत करडें म्हणून गांव आहे. ज्या १८७४ सालच्या आरंभीं पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाला’ सुरू केली, त्याच सालच्या डिसेंबरांत करडें येथें एक प्रकार घडला. काळूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें बाबासाहेब देशमुख ह्या कुळावर न्यायालयाचा हुकूमनामा मिळविला. देशमुख हा शेती करणाराच, परंतु चांगल्या घराण्यांतला व गांवांत वजन असलेला. सावकारानें त्याचें घर विकत घेतलें, आणि एवढ्यावर न थांबतां तें पाडून त्याचें सामान काढून नेण्यास सुरुवात केली.

येथें काय काय गेलें त्याचा हिशेब करावा. देशमुखाची पत पूर्वींच गेलेली होती. पत होती तोंपर्यंत कर्ज मिळत होतें. ती कशी गेली हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाचा भाव चढला तेव्हां दख्खनच्या कुणब्याची पत एकाएकीं वाढली व सावकार त्याच्या दारीं थैली घेऊन येऊं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळला; पुढें इंदापुरापासून सुरू झालेल्या नव्या आकारणीनें सरकारी सारा चढला, आणि पत आली तशी गेली. मागें राहिले ते रोखे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. कुळाचें रक्षण व्हावें हा तिचा उद्देश; पण तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार मुद्दल व व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई, आणि त्यावर पुन्हां व्याज चाले. लॅटिन धातूचा अर्थ ह्याहून यथार्थ रीतीनें कोणी आचरणांत आणला नसेल: दर तीन वर्षांनीं फिरून हिशेब. कुळानें अंगठा उठवावयाचा आणि आंकडा दुसऱ्याच्या वहींत.

तेव्हां पत गेली ती पैशाच्या व्यवहारांत गेली, व त्याबद्दल करडेंकरांनीं हूं कीं चूं केलें नाहीं. कर्ज झालें, घर गेलें, हें त्या काळीं गांवोगांव चाललें होतें. परंतु उभें घर पाडून त्याचे वासे नेणें ही निराळी गोष्ट. न्यायालयाच्या दृष्टीनें त्यांत बेकायदेशीर कांहीं नव्हतें. विकत घेतलेल्या घराचें काय करावें हा मालकाचा प्रश्न. गांवाच्या दृष्टीनें ती अब्रू घेणें होतें. हुकूमनामा पतीवर होता, घाव अब्रूवर पडला. आणि हा भेद ज्या भाषेंत सांगतां येत नाहीं त्या भाषेंत गांवाचा संताप आकस्मिक व अडाणी दिसणारच. पुढें इंग्रजींतून लिहिणाऱ्यांनीं ह्या प्रकरणाचें मूळ कर्जबाजारीपणांत शोधलें, व तें खोटें नव्हे. पण कर्जबाजारी तर सारा तालुका होता; ठिणगी करडें येथेंच कां पडली, ह्याचें उत्तर कर्जाच्या आंकड्यांत नाहीं.

गांवानें ह्यावर काय केलें तें आणखी विचार करण्याजोगें आहे. त्यांनीं मारहाण केली नाहीं. सर्वांनीं मिळून ठरविलें कीं, सावकारांच्या शेतांत कोणीं राबूं नये, त्यांच्या घरचें पाणी कोणीं भरूं नये, न्हाव्यानें त्यांची हजामत करूं नये. म्हणजे ज्या वहीची लेखणी आपल्या हातीं आहे ती त्यांनीं उघडली. पतीची वही सावकारापाशीं, पण लौकिकाची वही लोकांपाशीं. तींतून त्यांनीं सावकाराचें नांव काढून टाकलें. सावकारांस गांवांत दिवस काढणें कठीण झालें. हाच बेत शेजारच्या गांवांनीं उचलला. पुढें १२ मे १८७५ रोजीं त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं दंगा झाला आणि तेथून तो पुणें व नगर ह्या जिल्ह्यांत पसरला. त्या दंग्यांत लोकांचा रोख जिवांवर नसून रोख्यांवर होता. कागद हातीं आले कीं जाळीत, व कागद मिळाले कीं बहुधा जमाव शांत होई. सरकारनें चौकशीचें मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. रोख्याच्या मागें जाऊन मूळ देणें किती तें पहाण्याचा अधिकार त्यानें न्यायालयास दिला. कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालणें बंद केलें. पतीच्या हिशेबावर हा चांगला अंकुश बसला. पडलेल्या घराचें काय, ह्यावर कायद्यास बोलावयाचें कांहींच नव्हतें, व त्याबद्दल आम्ही त्यास दोषही देत नाहीं.

दोष द्यावयाचा तो आपल्या सर्वांच्या जिभेस. त्या प्रकरणानंतर ‘मारवाडी’ हें एका प्रांताच्या लोकांचें नांव मराठींत चिक्कूपणाचें व निर्दयतेचें सामान्यनाम होऊन बसलें. वस्तुतः कुळांस नाडणाऱ्या सावकारांत मारवाड्यांखेरीज गुजराथी होते, ब्राह्मण होते, इतरही होते. एका गांवच्या एका माणसानें एक घर पाडलें, आणि पुढें शंभर वर्षें दुकानाच्या पायरीवर बसलेल्या प्रत्येक पोराच्या खात्यावर तें मांडलें गेलें. लौकिकाच्या वहींत खाडाखोड करण्यास कोणीं धजत नाहीं.

अब्रू ह्या शब्दाची बाजू आम्हीं येथवर घेतली, म्हणून त्याच्या माथीं असलेलें पापही सांगितलें पाहिजे. हा शब्द पुरुषांच्या बाबतींत घर, वचन व व्यवहार ह्यांकडे गेला आणि स्त्रियांच्या बाबतींत त्यांच्या देहास चिकटला. स्त्रीवर अत्याचार झाला असतां ‘तिची अब्रू लुटली’ असें वृत्तपत्रें वर्षानुवर्षें छापीत आलीं. ज्या नराधमानें कृत्य केलें त्याची अब्रू शाबूत, आणि जिच्यावर तें झालें तिच्या चेहऱ्याचें पाणी गेलें, असा हा उफराटा जमाखर्च आहे. दंडसंहितेनें ह्या ठिकाणीं रेप्युटेशन हा शब्द वापरला नाहीं, हें तिच्या कर्त्यांचें श्रेय मानावें लागेल. त्यांनीं योजिलेल्या ‘मॉडेस्टी’ शब्दासाठीं मराठींत ‘विनयभंग’ आला. तोही फारसा स्तुत्य नाहीं, पण निदान त्यांत बळी पडलेलीच्या खातीं नांवें पडत नाहीं. आणि विवाहाच्या प्रकरणीं घराण्याची जी वस्तु जाते म्हणतात, तिचें नांव शोधण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. वयांत आलेल्या मुलीनें आपला नवरा निवडला ह्यांत कोणाच्याही वहींत कांहीं नांवें टाकण्याजोगें घडत नाहीं. येथें ‘प्रतिष्ठा’ हा शब्द इतका सोयीचा कां झाला हें मात्र उघड आहे: अब्रू म्हटलें तर ऐकणारा कोणाची व कशानें गेली असें विचारूं शकतो, प्रतिष्ठा ह्या शब्दाच्या भारदस्तपणापुढें तो प्रश्नच सुचत नाहीं.

लौकिक हा शब्दही धुतल्या तांदळासारखा नाहीं. वारंवार गुन्हा करणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याची जी तरतूद फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत १८९८ सालीं होती व १९७३ च्या संहितेंतही राहिली, तींत तो मनुष्य सराईत आहे हें ‘जनरल रेप्यूट’ म्हणजे सार्वत्रिक लौकिकावरून सिद्ध करण्याची मुभा होती. लोक म्हणतात हाच पुरावा. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें तर एक पाऊल पुढें टाकून जन्मास येण्यापूर्वींच मुलाचा लौकिक ठरवून टाकला. १९५२ सालीं तो कायदा गेला, पण फांसेपारध्याच्या पालाकडे पहाणारी नजर गेली असें शिरूर-दौंडच्या बाजू फिरलेला कोणी म्हणणार नाहीं. लक्ष्मण गायकवाड ह्यांनीं १९८७ सालीं आलेल्या आपल्या आत्मकथनास ‘उचल्या’ हेंच नांव दिलें. दुसऱ्यांनीं कपाळीं चिकटविलेली चिठ्ठी स्वतःच्या हातानें पुस्तकाच्या कपाळीं लावणें ह्यांत जें धैर्य आहे तें आमच्या पांढरपेशा आत्मचरित्रांत क्वचितच दिसतें. आमच्या आत्मचरित्रांचा बहुतेक भाग लौकिकाची वही स्वतःच लिहून ठेवण्यांत खर्चीं पडतो.

हाच लोकसमूह कधीं कधीं अनपेक्षित औदार्यही दाखवितो. घोडनदीस एकेकाळीं इंग्रजांची छावणी होती. तेथें १८०९ सालीं मरण पावलेल्या कर्नल वॉलेस नांवाच्या सेनाधिकाऱ्याचें थडगें आहे. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत अशी नोंद आहे कीं, ह्या परक्या, परधर्मी अधिकाऱ्यास आसपासचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून ओळखीत व सुगीच्या वेळीं धान्याचा पहिला नैवेद्य त्याच्या थडग्यावर ठेवीत. ज्यांच्या देशावर तो चालून आला त्यांनींच त्यास ह्या पदवीस चढविलें. ह्यास अब्रू म्हणतां येत नाहीं, इभ्रत तर नव्हेच, कारण मेलेल्या कर्नलास कोण भितो. आणि प्रतिष्ठा म्हणावी तर कोणीं विधिपूर्वक ती केलेली नाहीं. हा शुद्ध लौकिक, लोकांनीं आपण होऊन दिलेला.

ह्याच्या अगदीं उलट उदाहरण कोरेगांव भीमाजवळ उभें आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनें तेथें स्तंभ उभारला तो स्वतःची इभ्रत, म्हणजे तिच्या अरबी व मराठी अशा दोन्ही अर्थांनीं, दाखविण्यासाठीं. त्यावर कोरलेल्या नांवांत महार शिपायांचीं नांवें पुष्कळ आहेत. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर तेथें गेले, आणि त्यानंतर त्या दगडाचा अर्थ उभारणाऱ्याच्या हातीं राहिला नाहीं. ज्यांना गांवानें अब्रू असते हेंच मान्य केलेलें नव्हतें, त्यांनीं राज्यकर्त्यांच्या इभ्रतीच्या खांबावर आपल्या पूर्वजांचीं नांवें वाचलीं व तेथें दर वर्षीं येण्याचा परिपाठ ठेविला. ह्या भावनेस मराठींत आतां ‘अस्मिता’ म्हणतात. ‘स्वाभिमान’ हा शब्द आम्हांस अधिक आवडतो, कारण ह्या एकाच खात्याची वही ज्याची त्याच्यापाशीं असते. तथापि रेप्युटेशन ह्या शब्दाच्या कक्षेबाहेरची ही गोष्ट असल्यामुळें तिचा विस्तार येथें करीत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं अब्रुनुकसानीचें कलम वैध ठरवितांना रेप्युटेशन हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच अंश आहे असें मानलें. निर्णय वादग्रस्त आहे. टीकेचें तोंड बंद करण्यास ह्या कलमाचा उपयोग कसा होतो हें वृत्तपत्रकारांस विचारावें. आम्हांस येथें पहावयाचें तें एवढेंच कीं, जीवितासारखा शब्द ज्याच्या शेजारीं बसविला तें रेप्युटेशन कोणतें? पुढाऱ्याची इभ्रत हा त्याच्या जीविताचा अंश आहे असें आम्हांस तरी वाटत नाहीं. शेतकऱ्याची पत मात्र निःसंशय आहे, कारण तिच्यावांचून पेरणी होत नाहीं. पण अब्रुनुकसानीच्या फिर्यादी घेऊन न्यायालयांत जातात ते बहुतेक पहिले. दुसऱ्याची पत घटली तर त्यास कचेरीची पायरी चढण्यापुरतेही पैसे कोणी उसने देत नाहीं.

‘पत’ ह्या शब्दानें एकंदरींत आपलें काम इमानानें केलें आहे. सहकारी चळवळीनें त्यास उचलून पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा असे धट्टेकट्टे समास बनविले, आणि ते खेड्यांतल्या बाईमाणसासही सहज समजतात. आतां त्याच्यावर नवा प्रसंग आला आहे. पूर्वीं घोडनदीच्या बाजारांत पत ठरे ती माणसाच्या तोंडाकडे, त्याच्या बापाच्या नांवाकडे व त्याच्या बैलांच्या जोडीकडे पाहून. त्यांत अन्याय पुष्कळ होता, परंतु नजरेस नजर होती. सध्यां सिबिल नांवाची, २००० सालीं स्थापन झालेली कंपनी ३०० पासून ९०० पर्यंतच्या एका आंकड्यांत ती सांगते, व असा हिशेब ठेवणाऱ्या इतरही कंपन्या आहेत. पीककर्जासाठीं हा आंकडा पाहूं नये असें राज्यसरकारनें बँकांस बजाविलेलें आहे, तरी तालुक्याच्या गांवीं शेतकरी एकमेकांस सिबिल किती म्हणून विचारतांना आढळतात, आणि उत्तर समाधानकारक नसलें तर आवाज उतरतो. म्हणजे पतीच्या घटीनें अब्रू जाऊं लागली आहे; करडेंच्या गांवकऱ्यांनीं जो भेद इतक्या निकरानें राखला तो आंकड्यापुढें टिकेनासा झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेवरून १ जानेवारी २०२५ पासून कर्जदाराची माहिती निदान दर पंधरवड्यास ह्या कंपन्यांकडे पाठवावी लागते. सावकार तीन वर्षांनीं करीत असे तो फिरता हिशेब आतां पंधरा दिवसांवर आला. ह्या एका ठिकाणीं मात्र ‘रेप्युटेशन’ हा शब्द त्याच्या लॅटिन अर्थानें, छाटणीसुद्धां, लागू पडतो. आणि येथें त्याचा प्रतिशब्द कोणीं विचारलाच, तर आम्ही ‘पत’ असें सांगूं, व कोशकारांनीं ‘प्रतिष्ठा’ हा शब्द येथून तरी काढून घ्यावा अशी त्यांस विनंति करूं.